मधलीची जागा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात घराच्या ओसरीवर जुन्या पुस्तकांना खाकी वेष्टणं घालत बसलो होतो. ग्रंथपालाची नोकरी संपली, वेष्टणांची सवय काही सुटली नाही. फोन आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा होता. तिनं काय झालं ते सांगितलंच नाही. "गाडी घेऊन ये," एवढंच म्हणाली. एरवी बारामतीला, तिच्या जळोचीच्या घरी जायचं म्हटलं की फोनवर मागून दाजींचा आवाज यायचा, "पाव्हण्याला म्हणावं, एस्टीनं आलास तर जेवाण मिळायचं न्हाय. गाडी घेऊन ये. मला बी जरा बघू दे तिची तब्येत." ते वाक्य त्या दिवशी आक्काला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं, आणि तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

आजार मूत्रपिंडाचा होता आणि लांबलेला होता. अनपेक्षित म्हणावं असं काही नव्हतं. तरीही इंदापूर ते बारामती हा रोजच्या पायाखालचा रस्ता त्या दिवशी मला ओळखीचा वाटेना. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच डाळिंबाची बाग, रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया… आणि हाताखाली ती गाडी, जी दाजींनीच मला विकली होती. विकली होती म्हणजे बॉनेटवर नेहमीसारखी हलकेच थाप मारून, किल्ली हातात ठेवून म्हणाले होते, "पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला हीच शोभती. लय दिमाख न्हाय, पण कुठं खाली बघायला बी लावायची न्हाय." ती गाडी आता बनत नाही. त्या नावाची एकही गाडी आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही. हे जे घडलं, आणि त्यातून दाजींनी स्वतःच्या डोक्यावर जे एक ओझं घेतलं, तेच आज सांगायचं आहे.

रघुनाथराव, म्हणजे आमचे दाजी, निरवांगीच्या बागायती घरातले. तीन भावांतले मधले. थोरले उसाचं बघायचे, धाकटे फळबागेचं, आणि दाजींना शेतीत काही गोडी नव्हती असं नाही, पण त्यांना माणसं फार आवडायची. शेतात बोलायला माणूस सापडत नाही, अशी त्यांची तक्रार असे. ते बारामतीला आले, एका गाड्यांच्या दुकानात विक्रीचं काम करू लागले आणि काही वर्षांनी जळोचीच्या रस्त्याला त्यांनी स्वतःचं शोरूम काढलं. मागे वर्कशॉप, शेजारी घर. आक्का लग्न होऊन निरवांगीच्या घरात आली तेव्हा तिथं सासू सुनांना नावानं कधीच हाक मारत नसे. थोरली, मधली, धाकटी. "मधले, चहा टाक." "मधलीला म्हणावं पाहुणे आलेत." आक्काचं माहेरचं नाव सुमन. ते त्या घरात जणू कुणाला ठाऊकच नव्हतं.

दाजी ज्या कंपनीच्या गाड्या विकत, ती फार मोठी. तिच्या छत्राखाली तीन नावांच्या गाड्या होत्या. ती नावं मी इथं देत नाही, कारण दाजींनी ती कधी वापरलीच नाहीत. त्यांच्या तोंडी त्याही थोरली, मधली आणि धाकटीच होत्या. थोरली म्हणजे दिमाखाची, लग्नात नवऱ्यामुलाला बसवायची. धाकटी म्हणजे काटक आणि स्वस्त, बाजाराला भाजी न्यायला मागचा बाक काढून टाकला तरी कुरकूर न करणारी. आणि या दोघींच्या मध्ये मधली, जिचं शोरूम दाजींकडे होतं. आक्काला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती चांगलीच उखडली. "मला आन् गाडीला एकच नाव ठेवलं व्हय? शोभतं का?" दाजी म्हणाले, "अगं, गाडीचा मान वाढवला म्या. तुझा कुठं कमी केला?" त्या दिवशी आपल्या भाजीत मीठ नव्हतं असं ते नंतर बरीच वर्षं सांगत.

पण ती नुसती थट्टा नव्हती. एका मोठ्या कंपनीला तीन वेगळ्या नावांचा संसार कशाला हवा, हे मला पुस्तकांतून कधी नीट कळलं नव्हतं. ते दाजींनी एका संध्याकाळी अंगणात बसून सांगितलं. म्हणाले, या तिघी जावा आहेत. थोरली ही घरातलीच, म्हणजे कंपनीची पहिल्यापासूनची. धाकटी कंपनीनं नंतर हौसेनं आणली. मधली मात्र दुसऱ्या घरातून आलेली. तिची स्वतंत्र कंपनी होती, ती या मोठ्या घरानं विकत घेतली, पण नाव राहू दिलं, कारण त्या नावाला लोकांत मान होता. आता तिघी एका घरात नांदायच्या तर प्रत्येकीचं काम वाटून द्यावं लागतं. पाहुण्यांच्या पुढे कुणी जायचं, शेतावर भाकरी कुणी न्यायची, रोजचं घर कुणी सांभाळायचं. एकीनं दुसरीच्या कामात हात घातला की भांडण. "आन् आतली गंमत सांगू का पाव्हणं?" ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "चूल एकच हाय. सांगाडा एक, विंजिन एक, गिअरची पेटी एक. वाढायची ताटं तेवढी येगळी. थोरलीचं चांदीचं, मधलीचं पितळंचं, धाकटीचं जर्मनचं."

एकदा कंपनीच्या साहेबांनी पुण्यात सगळ्या विक्रेत्यांना बोलावलं होतं. पडद्यावर तीन चौकोन, त्यांत तीन नावं, आणि साहेब इंग्रजाळलेल्या मराठीत सांगत होते की आपण सगळे एक परिवार आहोत. दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, परिवार का भावकी? आमच्याकडं दोन्हीत लय फरक असतो. परिवारात एकमेकाला जेवायला वाढत्यात. भावकीत बांध कोरत्यात." मागच्या रांगांतले गावाकडचे विक्रेते खो-खो हसले. साहेबांना कुणीतरी समजावून सांगेपर्यंत पडद्यावरचं चित्र बदललं होतं. हे मला दाजींनी सांगितलं तेव्हा मीही खूप हसलो. भावकीचा तो शब्द त्यांच्यावरच उलटणार आहे हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

बारामतीत थोरलीचं शोरूम जयसिंगराव यांचं. दाजींच्याच वयाचे, जिभेला धार, कपड्यांना कडक इस्त्री. दोघांचं बरं चाललं होतं. दिवाळीला फराळाचे डबे इकडून तिकडे जात. मग नरसिंहपूरचे एक आबा, भीमा-नीरेच्या संगमाजवळ ज्यांचा भाजीचा मळा आहे, ते थोरलीचं बुकिंग करून परत जाताना सहज दाजींकडे पाणी प्यायला थांबले. समोर मधली उभी. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि सरळ विचारलं, "रघुनाथराव, खरं सांगा, ह्या दोघीत फरक काय हाय?" दुसरा कुणी विक्रेता असता तर त्यानं काचेच्या रंगापासून सुरुवात केली असती. दाजी म्हणाले, "आबा, गाद्या येगळ्या, दिवं येगळं, मान येगळा. चूल एकच हाय." आबांनी पाणी प्यायलं, मागे फिरले, थोरलीचं बुकिंग रद्द केलं आणि मधली घेऊन नरसिंहपूरला गेले.

जयसिंगरावांना एक गिऱ्हाईक गेल्याचं इतकं लागलं नसावं. त्यांना लागलं ते वेगळं. ते चौकात, चार लोकांत दाजींना म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर सांगितली तुमी. जाऊ कितीबी वाईट असू द्या, चुलीचं वेशीवर न्यायचं नसतं." दाजींनी उत्तर दिलं, "इचारलं म्हणून खरं सांगितलं. खोटं बोलाया पायजे व्हतं का?" बस, तिथून बोलणं बंद. फराळाचे डबे बंद. आमच्याकडे बोलणं बंद म्हणजे नुसतं तोंड बंद नसतं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा बंद असतं. एका कंपनीची दोन दुकानं, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना, आणि दोघांच्या मध्ये खरोखरच भावकी उभी राहिली. एखाद्या लग्नात समोरासमोर आले तर दाजी आचाऱ्याशी बोलायला निघून जात.

मग ती बातमी आली. कंपनीनं मधली बंद करायचं ठरवलं होतं. कारण सांगितलं ते कठीण शब्दांत होतं, पण अर्थ सोपा होता. थोरली खाली सरकून थोडी स्वस्त झाली, धाकटी वर चढून थोडी देखणी झाली, आणि दोघींच्या मध्ये मधलीला उभं राहायला जागाच उरली नाही. कंपनीनं दाजींना धाकटीचं दुकान देऊ केलं. ते नाही म्हणाले. आक्कानं समजावलं, धाकट्या भावानंही निरवांगीहून येऊन समजावलं. दाजींचं एकच, "एका जावंच्या खोलीत दुसरीला कुठं आणून बशिवता?" त्यांनी शोरूमची काच बंद केली आणि मागचं वर्कशॉप तेवढं चालू ठेवलं. कारण इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत त्यांनी विकलेल्या मधल्या अजून रस्त्यावर होत्या, आणि प्रत्येकाला त्यांनी एक शब्द दिला होता.

तो शब्द होता "मी हाय तंवर". गाडीची किल्ली देताना ते गिऱ्हाइकाला म्हणत, "मी हाय तंवर हिची काळजी करू नका." सुटे भाग मिळत राहतील असं कंपनीनं कळवलं होतं, पण ते बसवायचे कुठं? पुण्याला जा, असं उत्तर होतं. नरसिंहपुराहून किंवा निरवांगीहून ब्रेकचं काम करायला पुण्याला कोण जातो? मधली बंद झाल्याचं कळताच आबा आले होते. ते वर्कशॉपच्या दारातूनच ओरडले, "रघुनाथराव, लेकराच्या लग्नाला नवरी ठरवली आन् तिचं गावच नकाशातनं गेलं म्हणायचं!" दाजी हसून म्हणाले, "गाव गेलं तर गेलं, नवरीचा मामा हाय की अजून. मी हाय तंवर या हितं." आबा चहा पिऊन निर्धास्त परत गेले. असे किती जण येऊन निर्धास्त परत गेले असतील…

दाजी स्वतः मात्र निर्धास्त नव्हते. एकदा गप्पांत त्यांनी अचानक विचारलं, "पाव्हणं, तुमी शिकलेलं हाय, सांगा बरं. चूल एकच हाय असं म्या सगळ्यांस्नी सांगत बसलो. त्यानंच तर तिची जागा गेली न्हाय ना?" मी म्हणालो, एका तालुक्यातल्या माणसाच्या बोलण्यानं एवढी मोठी कंपनी आपला निर्णय घेत नसते. त्यांनी मान हलवली. पण पटलं असं वाटलं नाही. मला आजही वाटतं की त्यांचा प्रश्न गाडीपुरता नव्हता. तीन भावांतला मधला माणूस, ना थोरल्याचा मान ना धाकट्याचे लाड. मधल्यानं घर जोडून ठेवायचं आणि कुणी विचारलंच तर खरं बोलायचं… आणि खरं बोलून आपली जागा जाते की राहते, याचा हिशोब त्याला कुणी सांगत नाही.

आजार वाढला तसं डॉक्टरांनी त्यांचं पाणी मोजून बांधून दिलं. आक्का सकाळी एका लहान तांब्यात दिवसभराचं पाणी भरून ठेवी. चहा, औषध, भाजीतला रस, सगळं त्यातच धरायचं. उन्हाळ्यात तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. ते बर्फाचा खडा चघळत वर्कशॉपच्या दारात बसून राहत. वर्कशॉप पुढे चालवणारं कुणी नव्हतं. एकुलती मुलगी हैदराबादला नोकरीत रमलेली. मी एकदा भेटायला गेलो असताना म्हणाले, "माझ्या शब्दाला आता शेवट दिसाया लागला, पाव्हणं. मी हाय तंवर म्हणलो. 'नंतर' म्हणायचं राहून गेलं. आबाला काय सांगू?" मी काहीतरी धीराचं बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण पुढे म्हणाले ते वेगळंच. "उठा. गाडी काढा. जयसिंगरावाकडं जायाचं हाय."

रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं ते अंतर. मला वाटतं, दाजी इतक्या वर्षांत त्या बाजूनं कधी गेले नव्हते. थोरलीच्या शोरूममध्ये गार हवा होती, फरशीत गाड्यांची प्रतिबिंबं पडत होती. जयसिंगराव आतून बाहेर आले, दाजींचे सुजलेले पाय आणि फिकट चेहरा पाहून क्षणभर थांबले. पण जिभेनं आपलं काम केलंच.

"या रघुनाथराव. वाट चुकला काय?"

"वाट बराबर हाय. यायाला उशीर झाला."

"च्या घेणार? का आमच्या पाण्याला अजून बंदी हाय?"

"आणा की. कपभरून आणा."

मी पुढे सरकलो. त्या दिवशीचा त्यांचा तांब्या घरी निम्म्याहून अधिक रिकामा झालेला मी पाहिला होता. दाजींनी माझा हात दाबून मला गप्प केलं. चहा आला, मोठ्या कपात, काठोकाठ. दाजींनी तो हळूहळू, एक थेंब न ठेवता प्यायला. आजारी माणूस चहा पितोय यात जयसिंगरावांना काही विशेष दिसलं नसेल. मला मात्र दिसत होतं की संध्याकाळचं सगळं पाणी, रात्रीचं सगळं पाणी, त्या कपातून चाललं आहे. कप खाली ठेवून दाजींनी सरळ विषय काढला. माझ्यामागं माझ्या मधल्या तुमच्या वर्कशॉपात घ्याल का?

जयसिंगराव खुर्चीत मागे टेकले. "माझ्या दारात दुसऱ्या नावाची गाडी? माझं थोरलीचं गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"म्हणंल ते म्हणू द्या. तुमच्या पोरांना ती उघडल्यावर नवीन काय दिसायचं न्हाय. समदं तेच हाय."

"हां. तुमीच सांगितलं व्हतं नव्हं आबाला, चूल एकच हाय म्हणून?"

"व्हय. तवा गिऱ्हाईक फोडाया न्हवतं सांगितलं. खरं व्हतं म्हणून सांगितलं. आज बी तेच सांगाया आलोय."

शोरूममधला एक मुलगा काच पुसत होता, फडक्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी जयसिंगराव रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, "चूल एकच आसंल तर पंगत येगळी मांडून चालायचं न्हाय… पाठवा. पण एक सांगतो रघुनाथराव, तुमच्या त्या आबाला म्हणावं, आता तरी माझ्याकडचं पाणी पी आन् गप जा. फरक इचारू नगंस." दाजी मोठ्यानं हसले. त्या आजारपणात मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. घरी आल्यावर आक्कानं तांब्या हातात घेतला आणि विचारलं, "आज तहान न्हाय का?" ते म्हणाले, "भागली."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. जेवढे राहिले तेवढे दिवस फोनवर एकेका गिऱ्हाइकाला सांगत होते, आता जयसिंगरावांकडे जायचं, माझं नाव सांगायचं. दहाव्याला नदीवर जयसिंगराव आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट तसाच. आबांच्या शेजारी उभे राहिले, आणि आबांनी फरक विचारला नाही.

परवा माझ्या गाडीच्या ब्रेकनं आवाज काढायला सुरुवात केली. ती घेऊन जळोचीला गेलो. आक्का घरात एकटी बसून कंटाळली होती, तिला म्हणालो, चल जरा, बाहेरची हवा लागेल. ती मागच्या सीटवर बसली. पुढची सीट तिनं रिकामीच ठेवली, मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात धाकधूक होती. आजारी माणसाला दिलेला शब्द एक, आणि तो गेल्यावर दारात आलेली परकी गाडी वेगळी. थोरलीच्या त्या चकचकीत फाटकातून आत वळताना मला, हसू नका, पण दुसऱ्याच्या पंगतीत बिनबोलावता शिरल्यासारखं वाटलं. चार चांदीच्या ताटांच्या रांगेत माझी पितळेची गाडी मी अगदी कडेला उभी केली आणि कुणी हटकतंय का याची वाट बघत बसलो.

तेवढ्यात आतून एक फिटर हात पुसत बाहेर आला. दाजींना त्यानं पाहिलं असेल-नसेल. त्यानं गाडीकडे एक नजर टाकली, जवळ आला, बॉनेटवर हलकेच थाप मारली. ती थाप अगदी दाजींसारखी होती का, की मलाच तशी वाटली, हे मी सांगू शकत नाही. मग त्यानं मागे वळून वर्कशॉपात आवाज दिला,

"मधली आली रं! घ्या आत!"

मागच्या सीटवर आक्का दचकून सरळ झाली. पदर सावरला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "मला म्हणाला का रं तो?"

मी आरशात पाहिलं. इतक्या दिवसांनी ती हसत होती, आणि डोळे पुसत होती. आतून दोघं-तिघं आले, त्यांनी वर्कशॉपचं दार उघडलं, गाडी हातांनी हळू ढकलत सावलीत नेली.